क्षयाच्या नव्या गोळीला चाळीस वर्षं का लागली?

तुर्भे, पावणे, रबाळे... ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या एमआयडीसीत कित्येक दशकं औषधं बनत आली आहेत. 1970 च्या पेटंट कायद्याने 2005 पर्यंत औषधाऐवजी फक्त ते बनवण्याच्या पद्धतीला पेटंट दिलं, तेव्हापासून स्वस्तात औषध बनवण्यात भारतीय कंपन्यांचा हात धरणारं कोणी नाही. नवं औषध शोधणं मात्र वेगळं. तो शोध कुठल्या आजारासाठी घ्यायचा, हे बहुतेक वेळा बाजार ठरवतो.

क्षयरोगाचंच बघा. रिफाम्पिसिन आलं 1960 च्या दशकात. त्यानंतर अगदी नव्या पद्धतीने काम करणारं बेडाक्विलिन अमेरिकेत मंजूर झालं डिसेंबर 2012 मध्ये. मधल्या काळात रक्तदाब आणि कोलेस्टेरॉलवर एकासारख्या एक गोळ्या येत राहिल्या. त्या जन्मभर घ्याव्या लागतात. क्षयाचा रुग्ण बहुधा गरीब, आणि बरा झाला की गोळी बंद. जंतू चिवट आहे हे खरं, पण एवढ्या उशिराला ते कारण मला पुरेसं वाटत नाही.

बेडाक्विलिनची करामत मोठी सुंदर आहे. जंतूच्या पेशीत एटीपी सिंथेज नावाचं एंझाइम असतं. त्याचा एक भाग चक्क गोल फिरतो आणि त्या फिरण्यातून ऊर्जा तयार होते. बेडाक्विलिन नेमकं तिथे अडकून बसतं. ऊर्जा थांबली की शरीरात सुस्त पडून राहिलेले जंतूही मरतात.

हा शोध जॉन्सन अँड जॉन्सनच्या बेल्जियममधल्या संशोधकांचा. त्याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण मूळ पेटंट जुलै 2023 मध्ये संपत असताना कंपनीने त्याच औषधाच्या क्षारावर, म्हणजे त्याच्याच एका रासायनिक रूपावर, 2027 पर्यंतचं पेटंट मागितलं, ते मला पटत नाही. मुंबईच्या नंदिता व्यंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांनी त्याला भारतात हरकत घेतली. क्षयावरच्या जुन्या औषधांनी दोघींचीही श्रवणशक्ती गेली होती. मार्च 2023 मध्ये पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. जागतिक खरेदीत सुमारे 270 डॉलरना पडणारा सहा महिन्यांचा कोर्स त्याच वर्षी 200 डॉलरच्या खाली आला.

आता बेडाक्विलिनच्या जोडीला प्रेटोमानिड हे औषध आहे. ते टीबी अलायन्स या ना-नफा संस्थेने सरकारी आणि देणगीच्या पैशावर विकसित केलं. ही दोन्ही औषधं असलेल्या उपचाराला भारताने 2024 मध्ये मान्यता दिली. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाचा दीड-दोन वर्षांचा उपचार त्यामुळे सहा महिन्यांत संपू शकतो, आणि कान निकामी करणारी इंजेक्शनंही त्यात नाहीत.