काच हलत नाहीये: मोटर गेली की रेग्युलेटर?

जुन्या स्पोर्ट्स कारची काच बंद पडली की दहातले नऊ जण लगेच म्हणतात मोटर गेली. नवीन मोटर मागवतात, दार उघडतात, बसवतात आणि काच आहे तिथेच. किंवा त्याहून वाईट म्हणजे दोन आठवडे चालते आणि परत तेच, कारण मोटर बिचारी ठणठणीत होती, तिला जे ओढायला लागत होतं तेच अडकलेलं होतं. म्हणून आधी मोटर आणि रेग्युलेटर ह्या दोघांची कामं वेगळी कुठे होतात ते नीट बघू.

मोटर म्हणजे बारा व्होल्टची साधी डीसी मोटर, आत चुंबक, दोन कार्बन ब्रश (फिरणाऱ्या भागाला घासून करंट पोचवणारे तुकडे) आणि पुढे एक वर्म गिअर, म्हणजे स्क्रूसारख्या आट्यांचा दांडा आणि त्याने फिरणारं दातेरी चाक. दोनच वायरी. बटण वर दाबलं की करंट एका दिशेने जातो, खाली दाबलं की उलट्या दिशेने, म्हणजे काच वर जाताना आणि खाली येताना तीच मोटर, तेच ब्रश, फक्त प्लस मायनस बदलतं. वर्म गिअरमुळे काच स्वतःच्या वजनाने मोटरला उलटं फिरवू शकत नाही, म्हणून बटण सोडलं की ती जागच्या जागी थांबते. रेग्युलेटर म्हणजे त्या फिरण्याचं वर-खाली सरकण्यात रूपांतर करणारा सांगाडा. तो मुख्यतः दोन जातींचा असतो. एकात कात्रीसारखे लोखंडी हात आणि दाते असलेला अर्धगोल पत्रा, फोर्डच्या फॉक्स बॉडी मस्टँगमधे (१९७९ ते ९३) हाच प्रकार. दुसऱ्यात केबल आणि ड्रम, बारीक स्टीलची केबल पुलीवरून फिरते आणि काचेला धरलेल्या क्लिपला ओढते, पहिल्या पिढीच्या माझदा एमएक्स-५ मधे (१९८९ ते ९७, ज्याला सगळे मिआटा म्हणतात) असा.

आता स्पोर्ट्स कारमधे गोंधळ जास्त का होतो? दारं लांब, काच मोठी आणि जड, आणि बऱ्याच गाड्यांच्या दाराला वरची फ्रेमच नसते. फ्रेम असली की काचेला वरपर्यंत दोन्ही बाजूंनी आधार मिळतो, इथे सगळा तोल दाराच्या आतल्या पट्ट्यांवर आणि गाइडवर. काच जरा जरी तिरकी झाली की रबरात अडते, घर्षण वाढतं, मोटर दमते, आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटतं मोटर म्हातारी झाली.

तर पहिली गोष्ट, काहीही खोलायच्या आधी इंजिन बंद ठेवून फक्त इग्निशन ऑन करा, हेडलाइट लावा, खिडकीचं बटण दाबा आणि कान आणि डोळे दोन्ही उघडे ठेवा. बटण दाबल्यावर डॅशबोर्डचे दिवे किंचित मंद झाले आणि काच हलली नाही, तर करंट मोटरपर्यंत जातोय, मोटर ओढतेय पण फिरत नाहीये, म्हणजे काहीतरी जाम आहे (मोटरच्या आतलं किंवा रेग्युलेटरचं, ते पुढे कळेल). दिवे जराही हलले नाहीत आणि आवाजही नाही, तर सर्किट कुठेतरी तुटलंय. फ्यूज, बटण, वायर किंवा झिजलेले ब्रश. अशा वेळी दुसऱ्या कोणाला बटण दाबून धरायला सांगा आणि तुम्ही दाराच्या पॅडवर (आतल्या आवरणावर) मोटर असते त्या जागी मुठीने दोन-तीन धक्के द्या. काच अचानक चालू झाली तर ब्रशवर संशय घ्यायला हरकत नाही, कारण धक्क्याने ब्रश परत टेकतो. ही युक्ती जुनी आहे पण अजून तितकीच कामाची.

बटणं आणि वायरी ह्यांच्यावर थोडं बोलावंच लागेल कारण मोटरच्या नावावर खपणाऱ्या बऱ्याच तक्रारी इथल्याच असतात. दार उघड-बंद होताना बिजागरीजवळच्या रबरी नळीतली वायर वर्षानुवर्षं वाकत राहते, वरचं प्लॅस्टिक शाबूत दिसतं पण आतली तांब्याची तार तुटलेली. दार अर्धवट उघडून बटण दाबलं की चालतं आणि बंद केलं की नाही, असं असेल तर सरळ तीच नळी उघडा. आणि बऱ्याच गाड्यांमधे पॅसेंजरच्या काचेचा करंट ड्रायव्हरच्या दारातल्या बटणातून फिरून येतो, त्यामुळे पॅसेंजरची काच बंद असते आणि दोष निघतो ड्रायव्हरच्या बटणात. काच खाली जाते पण वर अजिबात येत नाही, ही तक्रार आली की मी तरी मोटरकडे सगळ्यात शेवटी बघतो. मोटरला दिशेशी काही देणंघेणं नसतं, बटणात मात्र वर आणि खालीचे कॉन्टॅक्ट वेगवेगळे असतात आणि वर नेतानाचा लोड जास्त असल्यामुळे ते आधी जळतात. नाहीतर मग घर्षण इतकं वाढलेलं असतं की खाली यायला काचेचं वजन मदत करतं म्हणून ती येते, आणि वर जायला जोर पुरत नाही.

आता आवाज येतोय पण काच हलत नाही तो प्रकार. मोटर मोकळी फिरल्यासारखी घुंऽऽ करते आणि काच ढिम्म. इथे सगळे म्हणतात रेग्युलेटर गेला, आणि केबलवाल्या गाडीत बहुतेक वेळा ते खरंही असतं: केबल तुटलेली किंवा काचेला धरणारी प्लॅस्टिकची क्लिप फुटलेली. अशा वेळी काच दोन्ही तळव्यांमधे धरून हाताने वर ओढून बघा, सहज वर आली आणि सोडल्यावर घसरून खाली गेली तर काच आणि रेग्युलेटरचं नातं तुटलंय एवढं नक्की. कट-कट-कट असा आवाज येत असेल तर केबल ड्रमवर विस्कटून गोळा झाली असेल किंवा दाते झिजलेले असतील. पण जुन्या फोर्डमधे एक गंमत आहे. त्या मोटरच्या आत गिअर आणि बाहेरची दातेरी चकती ह्यांच्यामधे तीन छोटे प्लॅस्टिकचे प्लग असतात, धक्का शोषायला म्हणून ठेवलेले. उष्णतेने आणि वयाने त्यांचा भुगा होतो, मग मोटर आत मस्त फिरते पण बाहेरच्या चकतीला काही कळतच नाही, कधी मधेच धाडकन आवाज येतो. म्हणजे आवाज रेग्युलेटर गेल्याचा, दोष मोटरच्या डब्यात, आणि खरं पाहिलं तर मोटरही चांगली आणि रेग्युलेटरही चांगला, फक्त ते तीन प्लग बदलायचे, जे वेगळे मिळतात. पूर्ण मोटर टाकून देणाऱ्यांचं मला मनापासून वाईट वाटतं.

सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे हळू चालणारी काच. पहिल्या पिढीच्या मिआटाची ह्या बाबतीत इतकी ख्याती आहे की काच वर जाईपर्यंत सिग्नल हिरवा होतो. इथे मोटर, रेग्युलेटर, रबर, वायर, चौघेही आरोपी असतात आणि बहुतेक वेळा चौघेही थोडेथोडे दोषी निघतात, म्हणून एकेकाला वेगळं काढावं लागतं. दाराचं पॅड काढा, आतलं प्लॅस्टिक हळूच सोडवा (फाडू नका, शेवटी लागणार आहे), काच रेग्युलेटरपासून सुटी करा, बहुतेक गाड्यांत दोन-तीन बोल्ट असतात. आता काच वर आधार देऊन ठेवायची. फ्रेम असलेल्या दारात लोक चिकटपट्टीने काच फ्रेमला बांधतात, इथे वर बांधायला काही नाहीच, त्यामुळे काच आणि बाहेरचं रबर ह्यांच्यामधे रबरी पाचर ठोका किंवा दाराच्या आत लाकडाचा टेकू द्या, पट्टीच्या भरवशावर बोटं आत घालू नका. मग बटण दाबून रिकामा रेग्युलेटर चालवा. तो झपझप चालला तर मोटर आणि रेग्युलेटर दोघांनाही सोडा, दोष काच ज्या खाचेतून सरकते त्यात आहे: कडक झालेलं रबर, सुकलेलं ग्रीस किंवा झिजलेले प्लॅस्टिकचे बुश (काचेला खाचेत सरळ धरणारे छोटे तुकडे) ज्यामुळे काच तिरकी होते. मिआटात हे बुश हमखास जातात. रबराला सिलिकॉन स्प्रे मारा, पेट्रोलियमवालं तेल किंवा ग्रीस अजिबात नको, रबर फुगतं आणि चार महिन्यांनी पहिल्यापेक्षा जास्त अडतं. ग्रीस फक्त लोखंडी पट्ट्यांना.

रिकामा रेग्युलेटरही रडतखडत चालला तर मोटर त्याच्यापासून काढून एकटी फिरवायची. इथे एक धोका आहे आणि तो खरंच गंभीर आहे. कात्रीवाल्या रेग्युलेटरला काचेचं वजन उचलायला मदत म्हणून एक जाड गुंडाळलेली स्प्रिंग असते. मोटर ही त्या स्प्रिंगला अडवून धरणारी गोष्ट आहे, काच सुटी असताना मोटर काढली की रेग्युलेटरचा लोखंडी हात फटकन फिरतो आणि बोट मधे असेल तर मोडतं. आधी दातेरी पत्रा आणि मागची प्लेट दोन्हीतून आरपार बोल्ट घालून किंवा घट्ट क्लॅम्प लावून सांगाडा बांधून टाका, मगच मोटरच्या स्क्रूला हात लावा. केबलवाल्यात बहुतेक अशी स्प्रिंग नसते पण ड्रम सुटला की केबल उसळून विस्कटते, ती परत गुंडाळणं म्हणजे संध्याकाळ गेली.

एकटी मोटर बॅटरीवर लावताना गाडीची वायर आधी कनेक्टरमधून काढा, वीस-तीस अँपिअरचा फ्यूज मधे घाला, मोटर पायाखाली किंवा वाइसमधे धरा कारण सुरू होताना ती उडी मारते. जोरात, एकसारखी फिरली तर मोटर चांगली आणि गुन्हेगार रेग्युलेटर. गुरगुरत, थांबत फिरली तर मोटर. आणि मोटर बॅटरीवर छान पण गाडीत हळू, तर वायरिंग. ह्याची खात्री मल्टिमीटरनेच होते पण मोजायची पद्धत बरोबर हवी: कनेक्टर काढून मोजलं तर एका धाग्याने लटकलेली वायरही बारा व्होल्ट दाखवते. कनेक्टर जोडलेला ठेवून, मागून पिना टोचून, काच चालू असताना मोजा. साडेअकरा-बारा मिळत असतील तर मोटरला पूर्ण खुराक मिळतोय, आठ-नऊ मिळत असतील तर बाकीचे व्होल्ट बटणाच्या जळक्या कॉन्टॅक्टमधे किंवा खराब अर्थमधे (गाडीच्या पत्र्याला जाणाऱ्या मायनसच्या जोडणीत) उष्णता होऊन वाया जातायत. जुन्या गाड्यांत सगळा करंट त्या एवढ्याशा बटणातूनच जातो, म्हणून काही जण प्रत्येक काचेला पाच पिनांचे दोन रिले (थोड्या करंटने चालून मोठा करंट जोडणारे स्विच) लावून मोटरला थेट बॅटरीचा पुरवठा देतात, बटण मग फक्त रिले चालवतं. माझ्या मते हळू काचेवरचा हा सगळ्यात चांगला उपाय, पण रबर आणि ग्रीसचं काम झाल्यावर. आधी नाही. नाहीतर अडलेल्या काचेला जास्त जोराने ओढून तुम्ही केबल तोडणार.

दोन-तीनदा वर-खाली केल्यावर काच बंद पडते आणि दहा मिनिटांनी आपोआप चालू होते, ह्यात काही मोडलेलं नसतं. बऱ्याच मोटरींमधे गरम झाल्यावर करंट तोडणारं संरक्षण असतं, ते त्याचं काम करतंय. मात्र एवढ्यात गरम का होतेय, तर परत तेच, घर्षण.

मोटर खरंच खराब निघाली तरी लगेच फेकू नका. झाकण उघडून बघा, बहुतेक वेळा ग्रीस मेणासारखं घट्ट झालेलं आणि कम्युटेटरवर (ब्रश ज्यावर घासतात त्या तांब्याच्या गोल भागावर) काळा थर असतो, बारीक पॉलिश पेपरने साफ करा, फटींमधली काजळी टाचणीने काढा, वर्मला नवीन ग्रीस द्या. आत पाणी जाऊन गंज चढला असेल किंवा चुंबक सुटले असतील तर मात्र नवीन. रेग्युलेटरबाबत माझं मत उलटं आहे, विस्कटलेली केबल गाठी मारून चालवण्यापेक्षा नवीन केबलचा सेट किंवा पूर्ण रेग्युलेटर घ्या. बरेच रेग्युलेटर रिव्हेटने बसवलेले असतात, ते ड्रिलने काढताना ड्रिलच्या टोकाला किती आत जायचं तिथे खूण म्हणून टेप गुंडाळा, नाहीतर दाराच्या बाहेरच्या पत्र्याला आतून टेंगूळ येतं. रिव्हेटच्या जागी नट-बोल्ट चालतात, फक्त बोल्टचं डोकं रेग्युलेटरच्या हाताच्या वाटेत येत नाही ना ते बघा.

नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धातल्या गाड्यांत अजून एक भानगड असते. पोर्शच्या बॉक्स्टर आणि ९९६ (९११ची त्या वेळची पिढी) मधे दाराचं हँडल ओढलं की काच थोडी खाली येते आणि दार लागल्यावर परत वर जाऊन रबरात बसते. ही हालचाल बंद पडली पण बटणाने काच व्यवस्थित चालतेय, तर मोटर आणि रेग्युलेटर दोन्ही निर्दोष, हँडल किंवा लॉकमधल्या मायक्रोस्विचकडे (हालचाल ओळखणाऱ्या छोट्या बटणाकडे) बघा. बॅटरी काढून लावल्यावर असं झालं असेल तर काचेला तिची वरची हद्द परत शिकवावी लागते, पद्धत गाडीच्या मॅन्युअलमधे असते, बहुधा काच पूर्ण वर नेऊन बटण थोडा वेळ धरून ठेवायचं.

सगळं परत लावताना पॅड चढवायची घाई नको. दार बंद करून, छत लावून, काच वरच्या रबरावर सगळीकडे सारखी टेकतेय का ते बघा, एका कोपऱ्यात अंतर राहिलं तर आतले वरचे स्टॉपर सैल करून जुळवा. मग ते आतलं प्लॅस्टिक परत नीट चिकटवा, जुना चिकट थर वाळला असेल तर नवीन ब्युटिल टेप घ्या, आणि दाराच्या तळाची पाणी जायची भोकं मोकळी आहेत का ते काडी घालून तपासा, कारण काचेवरून उतरलेलं पावसाचं पाणी दाराच्या आतूनच खाली जातं आणि ती भोकं तुंबली की ते तिथेच साचतं.