दमट हवेतला कोंबडा : केसांना काय लावावं?

गणपतीला मुंबईहून निघालेल्या चाकरमान्याचा, जेल लावून उभा केलेला केसांचा कोंबडा कोकण रेल्वेच्या एसी डब्यात ताठ उभा असतो. रत्नागिरीला उतरून रिक्षा मिळेपर्यंत तो एका अंगाला कलतो आणि घरची पडवी येईस्तोवर कपाळाला चिकटतो. हेच जेल त्याच्या एसी ऑफिसात संध्याकाळपर्यंत हलत नाही. केस तेच, जेल तेच, बदलली ती हवा.

आता गावोगावच्या सलूनमध्येही खोबरेल आणि पावडरच्या डब्यांशेजारी जेल, वॅक्स, पोमेड, क्ले, क्रीम, सॉल्ट स्प्रे अशी रांग लागलेली दिसते. त्यातलं कुठलं घ्यायचं हे विचारलं, की उत्तर केसांवरून मिळतं : पातळ केसांना हे, दाट केसांना ते. ते चुकीचं नाही. पण किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाने त्याआधी हवेकडे बघावं, असं माझं मत आहे.

केस पाण्यासाठी फार हळवा असतो. तो केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला. या प्रथिनाच्या साखळ्या एकमेकींना दोन-तीन प्रकारच्या बंधांनी धरून असतात. गंधकाचे बंध भक्कम; ते तोडायला पर्मिंगमध्ये, म्हणजे केस कायमचे कुरळे करताना, वापरतात तसली रसायनं लागतात. हायड्रोजन बंध मात्र नुसत्या पाण्याने सुटतात आणि केस वाळला की ज्या आकारात असेल त्या आकारात पुन्हा जुळतात. ओल्या केसांनी झोपलं की सकाळी उशीने जो अवतार केलेला असतो, तो या नव्याने जुळलेल्या बंधांचा. ओले केस विंचरून ड्रायरने वाळवले की आकार धरतात, तेही यामुळेच.

पाणी ओतावंच लागतं असंही नाही, हवेतली वाफ पुरते. केस स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ 30 टक्के पाणी धरू शकतो. पूर्ण कोरड्या हवेतून पूर्ण दमट हवेत नेला तर त्याची लांबी सुमारे दोन टक्क्यांनी वाढते. जिनिव्हाच्या सोस्यूर नावाच्या निसर्गशास्त्रज्ञाने याच गुणाचा उपयोग करून माणसाच्या केसावर चालणारं आर्द्रतामापक बनवलं आणि 1783 मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. पुढे दीडशे वर्षांहून जास्त काळ वेधशाळांमध्ये अशी यंत्रं वापरात होती. म्हणजे प्रत्येकाच्या डोक्यावर हजारो आर्द्रतामापक उभे आहेत, आणि जुलैत कोकणची सापेक्ष आर्द्रता बहुतेक वेळ 85 टक्क्यांच्या आसपास किंवा वरच असते. सकाळी जुळवलेले बंध दुपारपर्यंत सैल पडणारच.

अशा हवेत जेल का हरतं, ते त्याच्या घडणीत आहे. जेलमध्ये बहुतांश पाणी असतं. त्यात पॉलिमर, म्हणजे लांबलचक रेणूंचा पदार्थ, विरघळवलेला असतो. फार वर्षं वापरात असलेला असा पॉलिमर म्हणजे पीव्हीपी (पॉलिव्हिनाइल पायरोलिडोन). जर्मन रसायनशास्त्रज्ञ वॉल्टर रेपे यांनी तो 1930 च्या दशकात तयार केला, आणि दुसऱ्या महायुद्धात तो रक्तद्रवाला पर्याय म्हणून जखमी सैनिकांना शिरेतून दिला जाई. केसांकडे तो नंतर वळला. ओलसर केसांना जेल लावलं की पाणी उडून जातं आणि पॉलिमरचा पातळ पापुद्रा केसाला केसाशी जोडून कडक होतो. पण जो पदार्थ पाण्यात विरघळतो, तो पाणी ओढणारही असतोच. हवेतली वाफ पापुद्र्यात शिरली की लांब रेणू एकमेकांवरून घसरायला लागतात आणि पापुद्रा लिबलिबीत होतो. मिरगात उघडा राहिलेला पोह्याचा पापड मऊ पडतो, त्यामागचं भौतिकशास्त्र हेच आहे. त्यातून जेलमध्ये ग्लिसरीन घातलेलं असेल तर बघायलाच नको. ग्लिसरीन पाणी ओढून धरतं. कोरड्या प्रदेशात केस मऊ राहावेत म्हणून ते घालतात, आपल्याकडे तेच अंगावर येतं.

उलट बाजूही आहे. डिसेंबर-जानेवारीत मतलई, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे जाणारे, वारे सुटतात, हवा कोरडी होते, तेव्हा जेलचा पापुद्रा काचेसारखा ठिसूळ होतो. वरून हेल्मेट चढवलं की तो तडकतो आणि शर्टाच्या खांद्यावर पांढरा चुरा पडतो. पुष्कळजण त्याला कोंडा समजून औषधी शाम्पू आणतात. जेल लागत असेलच, तर डबीवरची घटकांची यादी वाचा. नुसत्या पीव्हीपीऐवजी व्हीपी/व्हीए कोपॉलिमर लिहिलेलं जेल दमट हवेत थोडं अधिक टिकतं, कारण त्यातला व्हिनाइल ॲसिटेटचा भाग पाण्याला तितकासा धार्जिणा नसतो. ‘स्ट्राँग होल्ड’ या ठळक अक्षरांवर मात्र विसंबू नका. कारखान्याच्या प्रयोगशाळेत केसांच्या गुंडाळलेल्या बटा दमट पेटीत टांगून त्या किती वेळ वळण धरून राहतात ते मोजतात, पण तो आकडा डबीवर क्वचितच छापलेला असतो.

वॅक्स म्हणजे मेण आणि तेलाचं पोमेड म्हणजे केसांचं तेलकट मलम, यांची तऱ्हाच वेगळी. मधमाशीचं मेण, पेट्रोलियम जेली, मायक्रोक्रिस्टलाइन वॅक्स हे पदार्थ पाण्याशी बोलतच नाहीत. ते वाळत नाहीत, कडक होत नाहीत, नुसत्या चिकटपणाने केस धरून ठेवतात. म्हणून दाभोळच्या फेरीबोटीवर वाऱ्याने केस विस्कटले तर बोटं फिरवून पुन्हा बसवता येतात. मोडलेलं जेल असं पुन्हा बसत नाही. केसात शिरणारी वाफ मेणाने पूर्ण थांबत नाही, फक्त तिचा वेग कमी होतो. तरी पावसाळ्यात निवड करायचीच तर मी डोळे मिटून मेणाकडे जाईन.

मेणाचा शत्रू वेगळा : ऊन. मधमाशीचं मेण 62 ते 64 अंश सेल्सिअसला वितळतं, पण मऊ त्याच्या बरंच आधी पडतं. पेट्रोलियम जेली तर आणखी लवकर ढिली होते. मे महिन्यात उन्हात उभ्या स्कूटरच्या डिकीत ठेवलेली पोमेडची डबी संध्याकाळी उघडलीत तर वर तेल सुटलेलं दिसेल. उन्हाळ्यासाठी यादीत पेट्रोलेटम (म्हणजे पेट्रोलियम जेलीच) पहिलं असलेली डबी टाळून, मेणाचं नाव वरच्या दोन-तीन घटकांत असलेली घ्यावी. घटक सहसा प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने छापतात, त्यामुळे हे दुकानातच कळतं.

मेण लावायची रीत जेलच्या उलटी. केस पूर्ण वाळलेले हवेत, कारण ओल्या केसावर मेण पसरत नाही. चण्याएवढा गोळा दोन्ही तळव्यांत घासून ऊब दिली की तो पातळ होतो, मग मुळांपासून टोकांकडे जायचं. कमी पडलं तर पुन्हा घेता येतं. जास्त झालेलं काढायला नहाणीच गाठावी लागते.

क्लेमध्ये मेणाच्या जोडीला केओलिन किंवा बेंटोनाइट ही माती असते. मातीचे कण तेल शोषतात आणि प्रकाश सगळीकडे विखुरतात, म्हणून केस चमकत नाहीत. कणांमुळे केसांमधलं घर्षणही वाढतं आणि पातळ केस दाट भासतात. तेलकट टाळूच्या आणि विरळ केसांच्या माणसाला हे बरं पडतं. फक्त पाण्यावर आधारलेलं क्ले घेऊ नये. बेंटोनाइट पाण्याने फुगणारी माती आहे.

सॉल्ट स्प्रे मात्र कोकणात विकायला ठेवणाऱ्याच्या धाडसाचं कौतुक वाटतं. समुद्रात डुंबून आल्यासारखे राठ, फुललेले केस दिसावेत म्हणून मिठाचं पाणी केसांवर फवारायचं, पाणी उडालं की मिठाचे बारीक कण केसावर बसून तो खरखरीत करतात, अशी ही युक्ती. कोरड्या हवेत ती छान चालते. पण सापेक्ष आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळायला लागतं. समुद्राच्या पाण्यात असणारं मॅग्नेशियम क्लोराइड तर 33 टक्क्यांपासूनच पाझरतं. पावसाळ्यात स्वयंपाकघरातली मिठाची बरणी बघितली तरी हे कळतं. शिरोड्याच्या मिठागरांशेजारी वाढलेल्या कुणाला तर हे सांगायचीही गरज नाही. अशा हवेत केसावरचं मीठ खरखरीत राहत नाही, खारट ओल होते. जानेवारीत हौस म्हणून वापरा.

आणि आपलं खोबरेल? भांग पाडून तेलाने चप्प बसवलेले केस ही कोकणातली जुनी स्टाइलच आहे, पण ती धरते ती तेलाच्या ओलेपणाने. सुमारे 24 अंशांना वितळणारं हे तेल इथे वर्षातले बहुतेक दिवस पातळच असतं, त्यामुळे केस उभे करायची ताकद त्यात नाही. त्याचं बळ दुसरीकडे आहे. 2003 मध्ये मॅरिकोच्या मुंबईतल्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल तेल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. केसांतून प्रथिन झिजण्याचं प्रमाण फक्त खोबरेलाने ठळकपणे कमी केलं होतं. खोबरेल विकणाऱ्या कंपनीचंच हे संशोधन, हे विसरायचं नाही. पण तेल केसाच्या आत शिरत असल्याचं इतर तंत्रांनीही दिसलेलं आहे. त्यातल्या लॉरिक आम्लाच्या लहान, सरळ साखळ्या आत घुसतात आणि धुताना केस कमी फुगतो. म्हणून तेल आदल्या रात्री लावावं आणि सकाळी धुऊन मग हवं ते चोपडावं. तेलकट केसावर जेल धरतच नाही.

कुरळ्या केसांना पावसात आकार उभा करण्यापेक्षा पिंजारणं थोपवणं महत्त्वाचं. त्यांनी ग्लिसरीन नसलेलं, तेल किंवा सिलिकोन असलेलं क्रीम ओलसर केसांना लावून ते हात न लावता वाळू द्यावं. लांबी दोन बोटांच्या आत असेल तर मात्र डब्यांवर पैसे घालण्याआधी कापणाऱ्याशी बोला. केस जितका आखूड, तितकं त्याला वाकवणारं वजन कमी, आणि पावसाळ्यात बाजू बारीक करून घेतल्या की निम्मा प्रश्न कात्रीनेच सुटतो.

मेण लावणाऱ्याने ते उतरवायची रीतही शिकून घ्यावी. नुसता शाम्पू वरवरून घसरतो. आधी कोरड्या केसांना थोडं तेल चोळावं, मेण त्यात विरघळतं, मग शाम्पू तेलासकट ते काढून नेतो. रात्री तसंच झोपलात तर मेण उशीवरून कपाळावर येतं आणि घामाच्या दिवसांत केसांच्या कडेने बारीक पुळ्या उठतात. त्वचारोगतज्ज्ञांनी 1970 मध्येच या पुळ्यांची पोमेड ॲक्ने म्हणून नोंद केली आहे. डबी काही आठवडे बाजूला ठेवली की त्या सहसा ओसरतात, आणि नाही ओसरल्या तर डॉक्टरांना दाखवावं.