स्टार्टर मोटरची इलेक्ट्रिकल तपासणी

गाडीचा स्टार्टर, म्हणजे गॅरेजवाल्यांचा सेल्फ, ही बॅटरीवर चालणारी डीसी मोटर. चार्ल्स केटरिंगने केलेला इलेक्ट्रिक सेल्फ १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये आला आणि हँडल मारायची कटकट हळूहळू गेली.

गाडी सेल्फ घेत नाही म्हटलं की लोक लगेच सेल्फ खोलायला लावतात, पण बऱ्याचदा दोष त्याच्या आधीच, बॅटरी, वायर नाहीतर अर्थिंगमध्ये असतो. म्हणून आधी मीटर लावा. बॅटरी फुल असेल तर बंद गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, सेल्फ मारताना साधारण ९.६ च्या खाली गेली तर एकतर बॅटरी बसलीय किंवा सेल्फ जास्त करंट खातोय, ते क्लॅम्प मीटरवर (वायरीभोवती चिमटा लावून करंट मोजणारा मीटर) कळतं.

खरी टेस्ट व्होल्टेज ड्रॉपची, म्हणजे करंट वाहताना वायर आणि जोडांमध्ये किती व्होल्ट वाया जातात ते बघायची. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, फ्युएल पंपाचा फ्यूज काढलेला म्हणजे इंजिन चालू होणार नाही. लाल प्रोब बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावरच (वरच्या क्लॅम्पवर नको, कारण पांढरा थर नेमका त्या दोघांच्या मधे साचतो), काळा प्रोब सेल्फच्या जाड वायरच्या नटावर आणि दुसऱ्याला चावी मारायला सांगायचं. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आला तर वायर किंवा जोड खराब. अर्थिंगसाठी सेल्फची बॉडी आणि निगेटिव्ह खांब, तिथे ०.२-०.३ च्या वर नको. नुसती कंटिन्युइटी (वायर अखंड आहे का एवढंच) बघून वायर पास करू नका, दीडशे अँपिअरला ०.०१ ओहम म्हणजे दीड व्होल्ट गेला आणि एवढा रेझिस्टन्स साध्या मीटरवर दिसतच नाही!

मग सोलेनॉइडची, म्हणजे सेल्फवरच्या चुंबकी स्विचची, बारीक वायर. चावी मारल्यावर तिथे जवळपास बॅटरीइतकं व्होल्टेज नसेल तर इग्निशन स्विच, रिले, क्लच स्विच बघा. व्होल्टेज येतंय, जाड वायरही ठीक, तरी एकच टक आवाज येऊन गप्प बसत असेल तर बहुतेक सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट जळलेत किंवा कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला करंट देणारे ब्रश) संपलेत. सलग कट-कट-कट म्हणजे बहुधा बॅटरी नाहीतर ढिला टर्मिनल.

एवढं सगळं बरोबर निघालं तरच सेल्फ खाली उतरवायचा, आणि त्याआधी बॅटरीची निगेटिव्ह काढायची. आर्मेचर म्हणजे मोटरचा आतला फिरणारा भाग, कम्युटेटर म्हणजे त्यावरची कार्बन घासतात ती तांब्याच्या पट्ट्यांची कडी. कम्युटेटर आणि शाफ्टमध्ये कंटिन्युइटी आली तर आर्मेचर बॉडीला शॉर्ट. वाइंडिंग आतल्या आत शॉर्ट असेल तर मात्र मीटर फसवतो, तिथे ग्राउलर (आर्मेचर तपासायचं एसीवर चालणारं चुंबकी यंत्र) लागतो, त्यावर आर्मेचर फिरवत हॅक्सॉ ब्लेड धरलं की शॉर्टच्या जागी ते थरथरतं.