सीमारेषांचे विचित्र आकार : ठाणे व नवी मुंबई

प्रशासकीय किंवा राजकीय हद्दीची रेषा नकाशावर वेडीवाकडी जाणे, एका प्रदेशाचा तुकडा दुसऱ्याच्या पोटात अडकून राहणे, सलग वस्तीचे दोन जिल्ह्यांत विभाजन होणे, हे प्रकार जगभर आढळतात. भारत-बांगलादेश सीमेवरील अशा १६२ तुकड्यांची अदलाबदल २०१५ मध्ये झाली. जुन्या ठाणे जिल्ह्याला लागून असलेल्या नगर हवेलीच्या आत मघवाळ हे गुजरातचे गाव आहे, तर दादरा चहूबाजूंनी गुजरातने वेढलेले आहे. रेषा वाकडी होते ती बहुधा कोणाच्या लहरीमुळे नव्हे, तर वेगवेगळ्या काळी वेगवेगळ्या कामांसाठी आखलेल्या हद्दी एकमेकींवर साचत गेल्यामुळे. ठाणे आणि नवी मुंबईचा परिसर याचा उत्तम नमुना आहे.

भूगोलाच्या दृष्टीने ठाणे शहराचा जुना भाग, मुंबईची उपनगरे आणि मीरा-भाईंदर हे सारे एकाच साष्टी बेटावर वसलेले आहेत. १९५७ मध्ये मुंबई महापालिकेची हद्द दहिसर व मुलुंडपर्यंत वाढवण्यात आली आणि बेटाचा उरलेला उत्तर भाग ठाणे जिल्ह्यातच राहिला. त्यामुळे मुलुंड चेकनाक्यावर दुकानांची रांग न तुटता शहर आणि जिल्हा दोन्ही बदलतात. २०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा झाल्यावर ठाणे जिल्ह्याला अरबी समुद्राचा किनारा उरला तो मीरा-भाईंदरकडील उत्तनच्या बाजूला.

ठाणे लोकसभा मतदारसंघाचा आकार याहून चमत्कारिक आहे. मतदारसंघ शक्यतो भौगोलिकदृष्ट्या आटोपशीर असावेत, असे मतदारसंघांच्या हद्दी ठरवण्यासाठीचा परिसीमन कायदा सांगतो. प्रत्यक्षात हा मतदारसंघ मीरा-भाईंदरपासून घोडबंदरमार्गे ठाणे शहरात येतो आणि खाडीपलीकडे नवी मुंबईतील ऐरोली व बेलापूरपर्यंत पसरतो. मधले कळवा-मुंब्रा मात्र कल्याण लोकसभा मतदारसंघात आहे. ठाण्याहून कळवा, विटाव्यावरून ऐरोलीच्या बाजूच्या दिघ्याला जाणारा मतदार आपल्याच मतदारसंघाच्या एका भागातून दुसऱ्यात जाताना वाटेत परका मतदारसंघ ओलांडतो. सलगता आहे ती खाडीच्या पाण्यावरून. लोकसंख्येची वाटणी करताना जमिनीचा आकार दुय्यम ठरतो, हे येथे स्पष्ट दिसते.

नवी मुंबईत गुंता वेगळा आहे. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडको या शहर वसवणाऱ्या शासकीय महामंडळाकडे सुमारे ३४४ चौरस किलोमीटरचा प्रकल्प आला, तो ठाणे आणि तेव्हाचा कुलाबा, म्हणजे आजचा रायगड, अशा दोन जिल्ह्यांवर पसरलेला होता. नियोजन एक झाले, जिल्ह्यांची सीमा मात्र जागची हलली नाही. १ जानेवारी १९९२ पासून कारभार सुरू केलेल्या नवी मुंबई महापालिकेची हद्द दिघ्यापासून बेलापूरपर्यंतच राहिली. खारघर, कळंबोली, कामोठे हे भाग २०१६ मध्ये पनवेल महापालिकेत गेले. परिणामी बेलापूरचा पिन कोड ४००६१४, तर शेजारच्या खारघरचा ४१०२१०; एकीकडे गाडीवर एमएच-४३, दुसरीकडे एमएच-४६. जिल्हाधिकाऱ्याकडे काम निघाले तर बेलापूरकर ठाण्याला जातो आणि खारघरकराला थेट अलिबाग गाठावे लागते, जरी विभागीय आयुक्तांचे बेलापूरमधील कोकण भवन त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर असले तरी. पोलीस आयुक्तालय तेवढे दोघांना एकच आहे.

महापालिकांच्या हद्दी महसुली गावांच्या शिवेवरून ओढल्या जातात. शीव बांध, ओढा, डोंगरधार यांना धरून पडलेली असते. पुढे होणाऱ्या रस्त्यांचा तिच्याशी संबंध नसतो. शिवाय गावे घेता येतात, तशी सोडताही येतात. पारसिकच्या डोंगरापलीकडील, शिळफाटा-दहिसर मोरी पट्ट्यातील १४ गावे आरंभी नवी मुंबई महापालिकेत होती. ग्रामस्थांच्या आंदोलनानंतर २००७ मध्ये ती वगळण्यात आली. पुढे नागरी सुविधांसाठी त्यांच्या समावेशाची मागणी तेथूनच झाली आणि २०२४ मध्ये शासनाने ती पुन्हा महापालिकेत घेण्याचा निर्णय केला. हे दहिसर मुंबईच्या दहिसरहून निराळे आहे, हे नकाशा वाचताना ध्यानात ठेवावे लागते. या गावांच्या समावेशाने महापालिकेची हद्द डोंगर ओलांडून पूर्वेकडे बाहेर येते, आणि तेथे पाणी व रस्ते पोहोचवण्याच्या खर्चाचा वाद या आकारातूनच उद्भवतो.