विद्युत रेडिएटर-पंखा (ट्रकवर मागाहून बसविलेला)

ट्रकच्या एंजिनाच्या बळावर फिरणारा मूळचा यांत्रिक पंखा काढून त्याच्या जागी स्वतंत्र विद्युत मोटरीवर चालणारा पंखा रेडिएटरला (एंजिनातील गरम पाणी हवेने थंड करणाऱ्या भागाला) जोडण्याची प्रथा. मराठीत ‘ट्रक’ म्हणताच सहा किंवा दहा चाकांचे मालवाहू वाहन डोळ्यांपुढे येते. ही प्रथा मात्र मुख्यतः अमेरिकेतील पिकअप वाहनांच्या संदर्भात रुजली, कारण तेथे मागे उघडा हौदा असलेल्या या वाहनालाही ट्रकच म्हणतात. प्रस्तुत नोंदीतही तोच अर्थ धरला असून अवजड ट्रकांचा विचार शेवटी थोडक्यात केला आहे.

पूर्वपीठिका : व्हिल्हेल्म मायबाख यांनी १९००–०१ च्या सुमारास मर्सिडीजच्या ३५ अश्वशक्तीच्या गाडीसाठी तयार केलेल्या मधपोळ्याच्या आकाराच्या रेडिएटरमध्ये ८,०७० चौकोनी नळ्या होत्या आणि गाडी मंद चालत असताना हवा खेचून घेण्यासाठी मागे एक लहान पंखा होता. पुढे पट्ट्यावर किंवा पाण्याच्या पंपाच्या दांड्यावर फिरणारा पंखा सर्वमान्य झाला. त्याचा मूळ दोष असा, की एंजिन मंद फिरत असताना, म्हणजे हवेची गरज सर्वांत जास्त असताना, तो मंद फिरतो आणि हमरस्त्यावर समोरून भरपूर वारा येत असताना विनाकारण वेगाने फिरतो.

हा पंखा एंजिनापासून सोडविण्याचे श्रेय कोणाला द्यावे, याविषयी एकवाक्यता नाही. काही लेखक प्यूजो कंपनीच्या ४०३ आणि ४०४ या गाड्यांकडे बोट दाखवितात. त्यांच्यात विद्युतचुंबकीय क्लचने पंखा जोडला किंवा सोडला जाई. परंतु तेथे वीज केवळ जोडण्या-सोडण्याचे काम करी, पंखा फिरविणारी शक्ती एंजिनातूनच येई; त्यामुळे त्याला विद्युत पंखा म्हणणे काटेकोर ठरत नाही. जॅग्वार ई-टाइप (१९६१) या गाडीत मात्र तापमानानुसार आपोआप चालू-बंद होणारा, स्वतःची मोटर असलेला पंखा होता. प्रथमत्वाचा प्रश्न बाजूला ठेवून प्रसाराचा विचार केला, तर फियाट १२८ (१९६९) हीच अधिक महत्त्वाची ठरते. आडव्या बसविलेल्या एंजिनाचा दांडा रेडिएटरच्या पृष्ठाला समांतर राहतो आणि त्याच्यावरून पंखा फिरविणे अडचणीचे होते. मिनी (१९५९) या गाडीत रेडिएटरच एंजिनाच्या बाजूला नेऊन ही अडचण टाळली होती. फियाटने रेडिएटर समोर ठेवून पंख्याला मोटर दिली आणि पुढील काळात लहान गाड्यांची रचना बहुतांशी याच वाटेने गेली. अमेरिकेत डॉज ऑम्नी आणि प्लिमथ होरायझन (१९७८ ची प्रतिमाने) यांसारख्या आडव्या एंजिनाच्या गाड्यांबरोबर ही रचना रुळली.

पिकअप ट्रकचे एंजिन उभे, म्हणजे वाहनाच्या लांबीच्या दिशेने बसविलेले असल्यामुळे तेथे अशी सक्ती नव्हती. म्हणून यांत्रिक पंखा ट्रकवर बराच काळ टिकला. मोटरगाड्यांचे सुटे पंखे बाजारात आणि भंगारात सहज मिळू लागले, तेव्हा ट्रकमालकांनी ते आपल्या वाहनांवर चढविण्यास सुरुवात केली. या कामी फोर्ड टॉरस (३·८ लिटर) आणि लिंकन मार्क ८ या गाड्यांचे पंखे विशेष पसंतीचे ठरले. तयार संच पुरविणाऱ्यांत अमेरिकेतील फ्लेक्स-अ-लाइट, इटलीतील स्पाल आणि ब्रिटनमधील केनलो ही नावे परिचित आहेत.

शक्तीची बचत : याविषयीचे दावे सावधपणे घ्यावे लागतात. पंख्याच्या नियमानुसार हवेचा प्रवाह गतीच्या प्रमाणात, दाब गतीच्या वर्गाच्या प्रमाणात आणि लागणारी शक्ती गतीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे थेट जोडलेला पंखा मिनिटाला २,००० फेऱ्यांवर १ अश्वशक्ती घेत असेल, तर ४,००० फेऱ्यांवर तोच ८ अश्वशक्ती घेईल. जाहिरातींतील मोठे आकडे बहुधा अशा थेट जोडणीशी तुलना करून आलेले असतात. मात्र बहुतेक ट्रकांवर श्यान क्लच, म्हणजे दाट द्रवाच्या माध्यमातून पंख्याला एंजिनाशी जोडणारा क्लच असतो. त्यातील सिलिकोन द्रव आणि द्विधातू स्प्रिंग यांमुळे रेडिएटरमधून येणारी हवा थंड असताना पंखा निसटत, संथ फिरतो. तेव्हा वाया जाणारी शक्तीही मुळातच कमी असते. शिवाय विद्युत पंखा फुकट चालत नाही. ३० अँपिअर आणि १३·५ व्होल्ट धरल्यास तो सुमारे ४०५ वॉट घेतो. अल्टरनेटरची (एंजिनावर फिरणाऱ्या विद्युत जनित्राची) कार्यक्षमता ५५ ते ६० टक्के मानल्यास एंजिनावर सुमारे ७०० वॉट, म्हणजे जवळजवळ १ अश्वशक्तीचा भार पडतो. खरी बचत होते ती पंखा बहुतेक वेळ बंदच राहतो म्हणून.

बांधणी : पंखा रेडिएटरच्या मागे बसवून हवा ओढणे हे पुढे बसवून ढकलण्यापेक्षा श्रेयस्कर मानतात, कारण पुढे बसविलेला पंखा बंद असताना वाऱ्याची वाट अडवितो. केवळ विद्युत जोडणीची टोके उलटी करून ओढणारा पंखा ढकलणारा करता येत नाही. पात्यांचा बाक एकाच दिशेला अनुकूल असतो. याहूनही महत्त्वाचे आहे ते आवरण, कारागिरांच्या भाषेत श्राउड. ते नसेल तर पंखा आपल्या वर्तुळापुरतीच हवा खेचतो आणि रेडिएटरच्या गाभ्याचे, म्हणजे नळ्या व पातळ पत्रे असलेल्या भागाचे, कोपरे गरमच राहतात. संपूर्ण गाभा झाकणाऱ्या आवरणाला मात्र हमरस्त्यावरील वारा निघून जाण्यासाठी रबरी झडपा द्याव्या लागतात. गाभ्यातून प्लॅस्टिकचे पट्टे ओवून पंखा लटकविण्याची स्वस्त रीत प्रचलित आहे. कंपनाने गाभ्याचे पातळ पत्रे झिजून नळ्यांना भोके पडण्याची शक्यता असल्याने ती टाळलेली बरी. मिनिटाला ३,००० घनफूट (सुमारे ८५ घनमीटर) यांसारखे छापील आकडे बहुधा मोकळ्या हवेतील असतात. वातानुकूलकाचा कंडेन्सर (त्याची उष्णता बाहेर टाकणारा भाग) आणि रेडिएटर यांतून हवा ओढताना प्रत्यक्ष प्रवाह बराच कमी भरतो.

विद्युत जोडणी : अपयशाची बहुतेक कारणे येथेच सापडतात. मोठा पंखा २० ते ४० अँपिअर घेतो आणि सुरू होण्याच्या क्षणी त्याच्या दुप्पट-तिप्पट प्रवाह ओढतो. म्हणून चालकाच्या खटक्यातून किंवा तापमान-स्विचमधून थेट प्रवाह नेत नाहीत, तर रिले, म्हणजे लहान प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा विद्युतचुंबकीय खटका, वापरतात. प्रचलित रिलेच्या ८५ आणि ८६ या टोकांमध्ये नियंत्रक गुंडाळी असते, ३० ला बॅटरीकडील आणि ८७ ला पंख्याकडील तार जोडतात. हे क्रमांक जर्मन मानकातून आलेले आहेत. फ्यूज बॅटरीच्या शक्य तितका जवळ असावा, अन्यथा त्याच्या अलीकडील तार असंरक्षित राहते. तारेची जाडी ही हौशी कामातील नेहमीची चूक होय. ३ मी. लांब, ५·३ चौ. मिमी. छेदाच्या तांब्याच्या तारेत ३० अँपिअरला सुमारे ०·३ व्होल्ट घट होते, १·३ चौ. मिमी. तारेत तीच सुमारे १·२ व्होल्ट होते, तार तापते आणि पंखा मंदावतो. एंजिन रिकामे फिरत असताना अल्टरनेटर पूर्ण प्रवाह देत नाही, हेही लक्षात घ्यावे लागते.

पंखा चालू होण्याचे तापमान एंजिनाच्या थर्मोस्टॅटपेक्षा (ठराविक तापमानाला उघडून पाणी रेडिएटरकडे सोडणाऱ्या झडपेपेक्षा) वर ठेवावे लागते. थर्मोस्टॅट ९०° सें.ला उघडत असेल, तर पंखा सुमारे ९५° ते ९९° सें.च्या दरम्यान सुरू होऊन काही अंश खाली आल्यावर बंद व्हावा. बंद होण्याचा बिंदू थर्मोस्टॅटच्याही खाली ठेवला, तर पंखा थांबतच नाही आणि दोष मोटरीला दिला जातो. वातानुकूलक चालू असताना कंडेन्सरला हवा लागते, म्हणून कॉम्प्रेसरबरोबर पंखाही सुरू करणारी वेगळी जोडणी आवश्यक असते.

एक प्रातिनिधिक उदाहरण : शेव्हरोले सिल्व्हराडो १५०० या ट्रकच्या १९९९ ते २००४ च्या प्रतिमानांवर यांत्रिक पंखा असे, २००५ पासून उत्पादकाने अनेक गाड्यांवर विद्युत जोडपंखा (दोन मोटरींचे दोन पंखे) दिला. आवरणासह तो संच पूर्वीच्या व्ही-८ (आठ सिलिंडरच्या एंजिनाच्या) ट्रकवर चढविणे हे या प्रथेचे सर्वाधिक अनुकरण झालेले रूप म्हणता येईल. त्यातील तीन रिलेंची योजना लक्षणीय आहे. मंद गतीसाठी एकच रिले काम करते व दोन्ही मोटरी एकसर जोडणीत येतात, त्यामुळे प्रत्येकीला सुमारे निम्मा व्होल्ट दाब मिळतो. जलद गतीसाठी उरलेल्या दोन रिले त्यांना समांतर करतात आणि प्रत्येकीला पूर्ण दाब मिळतो. रोधकात ऊर्जा न जाळता दोन गती मिळविण्याची ही युक्ती साधी असली तरी एका मोटरीची जोडणी तुटली, तर मंद गतीत दोन्ही बंद पडतात. नियंत्रण स्वतंत्र स्विचकडे न देता एंजिनाच्या संगणकाकडेच सोपविता येते, मात्र त्यासाठी त्याच्या आज्ञावलीत पंख्याची सोय चालू करून घ्यावी लागते.

मर्यादा : जड ट्रेलर ओढत लांब चढ चढताना वाहनाचा वेग कमी आणि उष्णता कमाल असते. अशा वेळी गच्च बसलेल्या श्यान क्लचचा मोठा पंखा जितकी हवा खेचतो, तितकी बहुतेक १२ व्होल्टचे पंखे खेचू शकत नाहीत. नियमित ओढकाम करणाऱ्या ट्रकवर यांत्रिक पंखा ठेवण्याचे मत त्यामुळे अधिक ग्राह्य वाटते. रिकामा, शहरात फिरणारा किंवा शर्यतीसाठी हलका केलेला ट्रक हे विद्युत पंख्याचे खरे क्षेत्र होय.

अवजड मालवाहू ट्रकांत हाच प्रश्न अधिक तीव्र होतो. तेथील पंख्याला २० किलोवॉट शक्ती लागते असे धरले, तर २४ व्होल्टवर ८०० अँपिअरहून अधिक प्रवाह हवा, जो नेहमीच्या अल्टरनेटरच्या आवाक्यातला नाही. म्हणून तेथे हवेच्या दाबाने जोडले-सोडले जाणारे किंवा श्यान क्लचचे पंखेच रूढ आहेत. बॅटरीवर चालणाऱ्या ट्रकांमध्ये उच्च व्होल्टचे शीतन-पंखे आले आहेत, परंतु ते मूळ रचनेचाच भाग असतात.