गाळातले जड धातू: आकडा नेमका कशाचा?

जपानमध्ये पाऱ्याने दूषित झालेल्या मिनामाता उपसागराचा गाळ 1977 ते 1990 या काळात उपसला गेला. कुठला उपसायचा, ते ठरवायला मर्यादा होती 25 पीपीएम (दशलक्षात 25 भाग) एकूण पाऱ्याची. असा आकडा नेमाने काढणं सोपं झालं ते ॲलन वॉल्श यांच्या 1955च्या ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शन तंत्रामुळे (धातूचे अणू किती प्रकाश शोषतात त्यावरून मोजणी), आणि पाऱ्यापुरतं 1968मध्ये हॅच आणि ओट यांनी बसवलेल्या थंड वाफेच्या पद्धतीमुळे.

यंत्रं पुढे सुधारत गेली, पण घोळ बहुतेकदा यंत्राच्या आधीच होतो. नमुना ओव्हनमध्ये कडक वाळवला की पारा उडतो, म्हणून 40 अंशांच्या आत वाळवायचा. धातू बारीक कणांना चिकटतात, म्हणून 63 मायक्रॉनखालचा भाग घ्यायचा. चाळणी नायलॉनची, कारण पितळेची चाळणी स्वतःचं तांबं आणि जस्त नमुन्यात सोडते. आम्लराजाने (नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांच्या मिश्रणाने) गाळातलं सिलिकेट खनिज पूर्ण विरघळत नाही, त्यामुळे क्रोमियम कमी दिसतं. हायड्रोफ्लोरिक आम्ल वापरलेल्या आकड्याशी ते ताडून पाहण्यात अर्थ नाही.

'एकूण किती' यापेक्षा 'सुटण्याजोगं किती' हा प्रश्न 1979मध्ये टेसिए आणि सहकाऱ्यांनी पाच टप्प्यांत सोडवायला घेतला: एकाच नमुन्यावर एकामागून एक वेगवेगळी रसायनं टाकायची आणि प्रत्येक वेळी किती धातू सुटला ते मोजायचं. अडचण अशी की एका टप्प्यात सुटलेला धातू तिथेच दुसऱ्या कणावर पुन्हा बसतो. शिवाय प्रत्येक प्रयोगशाळेने कृतीत आपापले बदल केले. मग युरोपात बीसीआर ही टप्प्याटप्प्याचीच, पण सगळ्यांसाठी सामाईक पद्धत आली. तिचा पहिला टप्पा असा: 1 ग्रॅम गाळ, 0.11 मोलर ॲसिटिक आम्ल 40 मिली, 16 तास हलवणं. दुसऱ्या टप्प्याचे आकडे, विशेषतः शिशाचे, जुळेनात; तेव्हा त्या टप्प्यातल्या हायड्रॉक्सिलअमाइन या रसायनाची तीव्रता 0.1 वरून 0.5 मोलर केली गेली. तरीही खाडीतला काळा, सल्फाइडयुक्त गाळ उघड्यावर ठेवला तर सल्फाइडचं ऑक्सिडेशन होतं आणि घट्ट बांधलेलं कॅडमियम पहिल्याच टप्प्यात उतरतं. असा नमुना नायट्रोजनखालीच हाताळावा.

शेवटचा तिढा तुलनेचा. गाळ किती प्रदूषित ते सांगणाऱ्या म्यूलर यांच्या 1969च्या निर्देशांकात मोजलेला आकडा नैसर्गिक पातळीच्या दीडपटीने भागून, द्विआधारी लॉग घेतात. नैसर्गिक पातळी म्हणून बरेचजण 1961च्या तक्त्यातला शेल (चिखल घट्ट होऊन बनलेल्या) खडकाचा आकडा उचलतात: तांबं 45 पीपीएम. आपल्याकडे ठाणे खाडीत येणारी माती दख्खनच्या बेसॉल्टची, आणि त्यात तांबं सहज शंभरावर असतं. 120 पीपीएम धरलं तर निर्देशांक 0.83 येतो, म्हणजे कारखान्याचा थेंबही न मिसळलेला गाळ प्रदूषणाच्या पहिल्या पायरीवर जाऊन बसतो. त्यापेक्षा त्याच जागी नळी खोल घालून खालचा जुना थर काढावा, त्याचं वय शिसे-210 या किरणोत्सारी शिशाने तपासावं आणि तिथलाच आकडा पाया धरावा. या शिशाचं अर्धायुष्य सुमारे 22 वर्षं, त्यामुळे शंभर-सव्वाशे वर्षांपलीकडे ते उपयोगी पडत नाही. मुंबईच्या कारखानदारीचा बराचसा काळ मात्र त्यात बसतो.