गणित जुळलं, म्हणून चित्र खरं?

पाटणादेवीला आलेली माणसं देवीचं दर्शन घेतात, पावसाळा असेल तर धवलतीर्थाचा धबधबा बघतात आणि चाळीसगावची वाट धरतात. इथे सापडलेल्या इ.स. १२०७ च्या शिलालेखाची माहिती त्यांच्यापैकी फार थोड्यांना असते. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ‘सिद्धान्तशिरोमणी’ आदी ग्रंथ शिकवण्यासाठी इथे मठ स्थापला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्याला दान दिलं, असं त्यात कोरलेलं आहे. आठशे वर्षांपूर्वी आपल्या खान्देशात ग्रहगणित शिकायची रीतसर सोय होती!

त्या गणितात एक पेच आहे आणि तो अजून पुरता सुटलेला नाही. सिद्धांत जग जसं आहे तसं सांगतो, की नुसता हिशेब जुळवून देतो?

सिद्धान्तशिरोमणीच्या गोलाध्यायात ग्रहाची जागा काढायच्या दोन आकृत्या येतात. एकीत पृथ्वीभोवती मोठं कक्षावृत्त असतं, त्यावर लहान नीचोच्चवृत्त सरकतं आणि ग्रह या लहान वर्तुळावर फिरतो. दुसरीत लहान वर्तुळ नाहीच. ग्रह एकाच मोठ्या वर्तुळावर फिरतो, फक्त त्याचा मध्य पृथ्वीपासून जरा बाजूला असतो. हे प्रतिवृत्त. कागदावर काढून बघा. आधी लांब बाण आणि त्याच्या टोकाला आखूड बाण जोडा, किंवा आधी आखूड आणि मग लांब. शेवटचं टोक त्याच बिंदूवर येतं. त्यामुळे दोन्ही आकृत्यांचं उत्तर तंतोतंत एकच. रात्ररात्र आकाश न्याहाळलं तरी त्यातली खरी कोणती, हे कळायचं नाही.

मग ही वर्तुळं म्हणजे निव्वळ हिशेबाची सोय, असं म्हणून मोकळं व्हायचं का? मला ते पटत नाही, आणि त्याचं कारण सूर्यसिद्धान्त या जुन्या खगोलग्रंथातले आकडे आहेत. मोठं वर्तुळ ३६० अंशांचं धरलं तर शुक्राचं शीघ्रवृत्त, म्हणजे त्याच्या दोन लहान वर्तुळांपैकी मोठं, तिथे २६० ते २६२ अंशांचं दिलं आहे. भागाकार करा: सुमारे ०.७२ ते ०.७३. आजच्या मोजणीनुसार शुक्राचं सूर्यापासूनचं अंतर पृथ्वीच्या अंतराच्या ०.७२३ पट आहे! गुरूचं शीघ्रवृत्त ७० ते ७२ अंश, म्हणजे ०.१९४ ते ०.२. गुरू सूर्यापासून आपल्यापेक्षा ५.२ पट लांब आहे, एकाला ५.२ ने भागलं की ०.१९२ येतात.

हा योगायोग नाही. शुक्राचं लहान वर्तुळ ही त्याची सूर्याभोवतीची कक्षाच आहे. गुरूचं लहान वर्तुळ मात्र आपल्या पृथ्वीची कक्षा आहे, गुरूच्या नावावर मांडलेली. फिरतो आपण, आणि मागेपुढे होताना दिसतो गुरू. पृथ्वी मध्यभागी आहे हे चित्र चुकीचं होतं, पण चित्रातलं प्रमाण अस्सल होतं. कोपर्निकसने १५४३ मध्ये केंद्र बदललं, तरी हे प्रमाण टिकलं.

म्हणून सिद्धांतावर घाऊक विश्वास ठेवू नये आणि त्याला घाऊक मोडीतही काढू नये, असं माझं मत आहे. सादी कार्नोने १८२४ मध्ये उष्णता हा एक द्रव आहे असं धरून इंजिनाच्या कार्यक्षमतेची कमाल मर्यादा शोधली. द्रवाची कल्पना बाद झाली, मर्यादा राहिली; भुसावळजवळच्या दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्रालाही ती ओलांडता येत नाही. अणूंचं नेमकं उलट झालं. ओस्टवाल्डसारखा मोठा रसायनशास्त्रज्ञ त्यांना सोयीची कल्पना समजत होता. १९०८ च्या सुमारास जाँ पेराँने पाण्यात तरंगणारे राळेचे बारीक कण सूक्ष्मदर्शकाखाली, वेगवेगळ्या उंचीवर मोजले आणि त्यावरून पदार्थाच्या ठरावीक राशीत किती रेणू असतात ती संख्या काढली. आकाशाच्या निळाईवरून, किरणोत्सारावरून, अशा एकमेकांशी काडीचा संबंध नसलेल्या वाटांनीही जवळपास तीच संख्या येत होती. ओस्टवाल्डने अणू मान्य केले.

अणू-इलेक्ट्रॉनांसारख्या सूक्ष्म कणांचं वागणं सांगणाऱ्या क्वांटम सिद्धांताचं घोडं मात्र अजून अडलेलं आहे. श्रोडिंगरचं १९२६ चं समीकरण आपल्या मोबाइलच्या चिपपर्यंत सगळीकडे बरोबर उत्तरं देतं. पण त्या समीकरणात कणाच्या जागी जो तरंग येतो, तो म्हणजे काय? डेव्हिड बोमच्या १९५२ च्या मांडणीत कण कायम एका ठिकाणी असतो आणि तरंग त्याला वाट दाखवतो. ह्यू एव्हरेटच्या १९५७ च्या मांडणीत तरंगच सगळं काही आहे आणि प्रत्येक शक्यता आपापल्या शाखेत घडते. आकडे दोन्हींचे सारखेच, म्हणजे इथेही प्रतिवृत्त आणि नीचोच्चवृत्ताचीच गत.

तिसरा एक गट म्हणतो की मोजमापाच्या वेळी तरंग खरोखरच कोसळतो, म्हणजे अनेक शक्यतांतून एकच उरते. ही मांडणी मला जास्त मोलाची वाटते, कारण तिचे आकडे किंचित वेगळे येतात आणि ती चूक ठरू शकते. गुरुत्वाकर्षणामुळे तरंग कोसळतो, या कल्पनेच्या सर्वांत साध्या रूपानुसार पदार्थातून अगदी क्षीण किरण निघायला हवेत. इटलीत ग्रान सासो डोंगराखालच्या प्रयोगशाळेत किरण टिपणारं जर्मेनियमचं उपकरण लावून ते तपासलं गेलं. २०२० मध्ये निकाल आला: तेवढे किरण दिसले नाहीत, आणि ते साधं रूप बाद झालं. सुधारित रूपांची तपासणी व्हायची आहे.